मांडीवरची काटाकाटी

“वैजू, चपला बाहेर काढ आणि आधी पाया पड,” काकू म्हणाल्या.

“कुणाच्या?”

“कुणाच्या म्हणजे? यांच्या!”

ऑफिसच्या टेबलावर पितळेचं ताम्हन, त्यात आमचा गेम खेळायचा नवा कन्सोल. त्याचे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे करून पूजेत सुपाऱ्या मांडतात तसे जोडीनं मांडलेले. वर झेंडूची फुलं, हळद, कुंकू, अक्षता. काकू म्हणजे आमच्या मालकाच्या, हेरंबदादाच्या आई. पंचवटीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमची गेम बनवणारी कंपनी. खंडेनवमीला काकू वर येऊन आमच्या कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहायच्या हे ठाऊक होतं, पण त्या दिवशी खंडेनवमी नव्हती.

“आज पाहुणी येणार ना मोठी? मग हत्यारांची पूजा नको?” असं म्हणत काकूंनी जिथं जागा दिसेल तिथं कुंकवाचं बोट टेकवलं. त्यांचा हात सढळ. मी मुकाट्यानं पाया पडले. वेळच तशी होती. कुणी सांगितलं असतं तर मी उंबराला फेऱ्यासुद्धा मारल्या असत्या.

पाहुणी म्हणजे इरावती हुद्दार. मूळची नागपूरची, राहायला बंगळुरूला. लहान कंपन्यांनी केलेले गेम जगभर पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी ती गेम निवडायची. एकेकाळी स्वतः स्पर्धांतून खेळलेली आणि भल्याभल्यांना लोळवलेली. ती आमचा गेम बघायला येत होती. पतंगाचा गेम, नाव ‘काटाकाटी’. दोघांनी दोन पतंग उडवायचे, पेच लावायचा आणि समोरच्याचा काटायचा.

हा गेम दोन तऱ्हांनी खेळता येत होता. एक सगळ्या जगाची तऱ्हा, म्हणजे कंट्रोलरवरची छोटी दांडी, ती स्टिक, उजव्या अंगठ्यानं ढकलायची. दुसरी माझी. त्या कन्सोलची गंमत अशी होती की त्याचा सुटा कंट्रोलर कडेवर उभा करून सरकवला की तो कॉम्प्युटरच्या माउससारखा चालायचा. हात पुढं गेला की मांजा सुटायचा, हात मागं आला की खेचला जायचा. हे माझ्या डोक्यातून निघालेलं. तन्वीरनं, म्हणजे आमच्या प्रोग्रामरनं, माझ्याशी रोज भांडत ते बसवलेलं.

काकू खाली गेल्या तसं मी हेरंबदादाला कोपऱ्यात घेतलं.

“दादा, लक्षात आहे ना? माझ्या हाताबद्दल एक अक्षर काढायचं नाही.”

“अगं, पण ती गोष्ट सांगितली तर बाई विरघळतील. लोकांना अशा गोष्टी भिडतात.”

“म्हणूनच सांगायची नाही.”

“तू फार हट्टी आहेस, वैजू.”

“आहेच. पण माझा माउस जिंकला तर त्याच्या गुणावर जिंकू दे. माझ्या हाताकडं बघून कुणी घेतला, तर मी तो गेम स्वतः पुसून टाकीन.”

तन्वीर मागून म्हणाला, “दादा, ती टाकेल पुसून. मागच्या वेळी मी रागाच्या भरात ‘पुसून टाक’ म्हटलं तर हिनं खरंच बटण दाबलं होतं. नशीब, मी एक प्रत दुसरीकडं ठेवली होती.”

माझ्या हाताचं काय, ते सांगून टाकते. माझ्या उजव्या हाताला अंगठा नाही. येवल्याजवळ आमचं गाव. मी लहान असताना चुलत्यांच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीत हात घातला, झालं. त्यात ना कुणाचा दोष, ना मोठी गोष्ट. आमच्या भागात अशी बोटं तुटलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील. पण मुलगी म्हटल्यावर येणारा-जाणारा “बिचारी” म्हणायचाच. हा शब्द आईला अजिबात खपत नसे. आमच्या ओसरीवर कुणी “बिचारी” म्हटलं की त्याला चहा न देता वाटेला लावायची. स्वतः मात्र खुशाल थट्टा करायची. म्हणायची, “नीट शीक गं बाई. कागदावर अंगठा लावायची वेळ आली तर तुझ्याकडं तोही नाही!” यावर सगळ्यात आधी मीच हसायचे.

संक्रांतीला आमच्याकडं अख्खा गाव गच्चीवर. हलकडीचं वाद्य वाजतंय, मांजा गुंडाळायची आसारी फिरतेय, आकाशात जागा नाही. मांजा चिमटीत धरतात म्हणे. मी तर्जनीवरून घेऊन तळव्यात दाबायचे. आणि सांगते, फुशारकी म्हणा हवं तर, आमच्या आळीत माझ्याइतकी ढील कुणाला देता येत नव्हती. चिमटीत धरणारा माणूस मांजा सोडताना कचरतो. माझ्या तळव्यातून तो आपला आपण जायचा.

पण हातात धरून खेळायच्या त्या यंत्रांनी माझा सगळा माज उतरवला होता. कुठलंही घ्या, सगळी मेली अंगठ्यांसाठी बनवलेली. डावीकडं अंगठा, उजवीकडं अंगठा, बाकीची बोटं म्हणजे नुसती खुंटी. नोकरी गेम बनवण्याची, आणि तयार झालेला गेम हातात घेऊन खेळायचा म्हटलं की मी आपली पाणी प्यायला उठणार. त्यामुळं नवा कन्सोल आला त्या दिवशी तन्वीरनं कंट्रोलर कडेवर ठेवून सरकवून दाखवला, तेव्हा मी तो त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. तळवा वर टेकवला, पहिली दोन बोटं वरच्या दोन बटणांवर गेली. आपसूक. जणू ते यंत्र माझ्या हाताचं माप घेऊन कुणी शिवलं होतं. मी रडले त्या दिवशी. तन्वीर घाबरून काकूंना बोलवायला निघाला होता.

तर अशी माझी सगळी पत त्या माउसवर लागलेली.

इरावती आली. उंच, केस कापलेले, जीन्स, पायात साधी चप्पल, आणि तीही जिन्यात काढून आली. हेरंबदादानं ओळख करून दिली. मी हात ओढणीत ठेवूनच नमस्कार केला. तिनं आधी काकूंचे पोहे खाल्ले, “काकू, मस्त जमले हो,” म्हणाली, आणि हात धुऊन म्हणाली, “चला, दाखवा बाप्पा तुमचा पतंग.”

आधी तिनं स्टिकवर खेळून पाहिला. मी मान्य करते, तसे अंगठे मी कधी पाहिले नव्हते. तन्वीरचा पतंग वर चढायच्या आत तिनं काटला. मग हेरंबदादाचा. मग पुन्हा तन्वीरचा.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “आता ते माउसचं म्हणत होता, ते दाखवा.”

तन्वीरनं कंट्रोलर कडेवर ठेवला आणि सरकवला. पतंग जागचा हलेना. पुन्हा सरकवला. पतंग एकदा थरथरला आणि खाली येऊन तारेला अडकल्यासारखा बसला. तन्वीरनं दुसरा कंट्रोलर घेतला. तोही तसाच. गेम बंद करून परत चालू केला. टेबल पुसलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. छे!

“काल चालत होता,” तन्वीर पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम.

“कालचं काय करू मी?” इरावती शांतपणे म्हणाली. “असं कुणाच्या घरी झालं तर लोक आम्हाला शिव्या घालतील ना.”

हेरंबदादाचा चेहरा पडला. त्यानं घसा खाकरला आणि माझ्याकडं न बघता सुरुवात केली, “मॅडम, हे माउसचं आम्ही का केलं, त्यामागं एक गोष्ट आहे. आमची ही वैजू—”

“दादा!” मी इतक्या जोरात ओरडले की खाली काकूंच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. “तो कंट्रोलर इकडं द्या.”

मी डाव्या हातानं तो उलटा केला. त्याच्या कडेला एक बारीक चकचकीत खिडकी असते. तोच त्या माउसचा डोळा, त्यातूनच त्याला खालची जागा दिसते. त्या डोळ्यावर बरोब्बर मधोमध कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलेलं होतं. दुसरा उलटा केला. त्याच्यावर हळदही होती.

“काकू!” मी जिन्यातून हाक मारली. “या डोळ्यावर कुंकू लावलंत?”

“मग?” काकू खालूनच म्हणाल्या. “तिथं टिळ्यासाठीच जागा ठेवलीय असं वाटलं मला. बाकी कुठं कपाळ दिसेना.”

इरावती हसत सुटली. हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मी ओढणीच्या टोकाला पाण्याचा थेंब लावून दोन्ही डोळे पुसले, आणि पतंग झक्कत वर गेला. तन्वीरनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

मला वाटलं, जिंकलो.

इरावतीनं तन्वीरचा माउसवरचा खेळ बघितला, मान हलवली, आणि म्हणाली, “छान दिसतं. पण मी खरं सांगू? आम्ही गेम घेऊ. माउस काढून टाका.”

मी पुढं झाले.

“का?” मी विचारलं.

“कारण हे हातात धरून खेळायचं यंत्र आहे. माणूस हे बसमध्ये खेळणार, पलंगावर लोळत खेळणार, लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताची वाट बघत खेळणार. तिथं टेबल कुठून आणणार? टेबलच असतं तर त्यानं कॉम्प्युटर घेतला नसता का?”

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. हेरंबदादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की त्याला ‘हो’ म्हणायचंय. त्याचा तरी काय दोष? बाई गेम घेते म्हणाली होती. कंपनी तगली असती. फक्त त्या गेममध्ये मी नसते. माझाच पतंग, आणि तो मलाच उडवता आला नसता.

“मॅडम,” मी म्हटलं, “पतंग उडवताना टेबल कुठं असतं?”

“म्हणजे?”

“एक डाव खेळा माझ्याशी. तुम्ही तुमच्या स्टिकवर, मी माउसवर. टेबल नको मला. मी हरले तर आजच्या आज माउस काढते.”

“वैजू!” हेरंबदादा म्हणाला.

“अहो, खेळू द्या ना तिला,” इरावती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. खेळाडूला आव्हान दिलं की तो वाघासारखा कान टवकारतो, मग वय किती का असेना.

मी खुर्चीत मांडी घालून बसले. ओढणी पसरून मांडीवर घेतली आणि तिच्याखाली कंट्रोलर सलवारीवर, मांडीवर टेकवला. गुडघ्याकडं हात गेला की ढील. पोटाकडं आला की खेच. इरावती समोर बसली. पडद्यावर दोन पतंग वर चढले, तिचा तांबडा, माझा पिवळा.

तिनं लगेच अंगावर घातला. काय चपळाई! तिचा मांजा माझ्या मांजावर चढला, आणि मी खेचायला लागले असते तर तिथंच गेले असते. पण येवल्याकडच्या माणसाला पेचात खेच सुचत नाही, ढील सुचते. मी हात गुडघ्याकडं जाऊ दिला, अगदी सावकाश. पतंग लांब, लांब, ठिपक्याएवढा होत गेला. ती सुद्धा ढील देत होती, पण तिच्या हाती स्टिक. स्टिकचं असं असतं, बोट जरा सैल पडलं की ती आपली उडी मारून मधे परत येते. मांजा कधी असा मधे परत येतो का? माझा हात जिथं थांबला तिथं माझा मांजा थांबत होता. तिला मात्र दर क्षणाला त्या स्टिकशी झगडावं लागत होतं. एकदा तिचा अंगठा सैल पडला, एवढासाच. मला पडद्यावर तिचा पतंग शिंकल्यासारखा हलताना दिसला.

मी हात सर्रकन पोटाशी आणला.

“काटला रे!” तन्वीर खुर्चीवर उभा राहून ओरडला. तांबडा पतंग हेलकावत खाली निघाला.

इरावतीनं पडद्यावरची नजर काढली नाही. “पुन्हा,” म्हणाली. पुन्हा खेळलो. या वेळी तिनं फार वेळ दम धरला, मला दोनदा घाबरवलं. पण शेवटी तेच झालं. “पुन्हा,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच हात वर केला. “नाही, थांब. या वेळी मला तो माउस दे.”

तिनं दुसरा कंट्रोलर जीन्सच्या मांडीवर ठेवला आणि सरकवला. पतंग वर गेला. पेचबीच काही नाही, नुसती ढील देत राहिली.

“अरे बाप्पा,” ती हळूच म्हणाली. “वारा लागतो हाताला.”

मी काय सांगू, मला किती बरं वाटलं ते! त्या बाईला, जिच्या अंगठ्यांचं सगळीकडं नाव होतं तिला, माझा वारा लागला होता. मी तन्वीरकडं बघितलं. तो गालातल्या गालात हसत होता.

पण तिचा पतंग मधूनच अडखळत होता. ती वैतागली. “माझा हात अडकतो बघ. तुझा कसा लोण्यासारखा जातो? पकड दाखव ना. अंगठा कुठं ठेवतेस तू?”

हेरंबदादानं खिडकीबाहेर बघितलं.

खोटं बोलता आलं असतं. पण तिनं पकड विचारली होती, आणि शिकायला आलेल्याला मी कधी नाही म्हटलं नाही. मी ओढणी बाजूला केली आणि कंट्रोलरवरचा हात होता तसा तिच्यासमोर धरला.

तिनं बघितलं. हाताकडं, मग माझ्याकडं. मी तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची छटा शोधत होते. लहानपणापासून बघत आलेली, तोंडातून “बिचारी” निघायच्या आधी येते ती. दिसली असती तर मी उठून गेलेच असते.

ती खाली वाकली. माझा तळवा कुठं टेकतो, बोटं कशी पडतात, ते नीट निरखून बघितलं. मग स्वतःचा अंगठा तिनं मुडपून तळव्याच्या आत दाबून घेतला आणि राहिलेल्या चार बोटांनी कंट्रोलर सरकवला. पतंग सरळ, न अडखळता, लांब निघून गेला.

“हं,” ती म्हणाली. “असं होय. मधे येत होता मेला.”

आणि तशीच, अंगठा आत घालून, ती खेळत बसली. काकू चहा घेऊन वर आल्या तरी तिनं मान वळवली नाही. तन्वीरचा पतंग काटला, हेरंबदादाचा काटला, मग माझ्याशी पेच लावला. मी काटला तिचा. सोडते की काय! जाताना जिन्यात चप्पल घालता घालता ती हेरंबदादाला म्हणाली, “माउस ठेवा. तोच आधी ठेवा, पुढं. स्टिकचं काय ते नंतर बघा.” माझ्या हाताबद्दल ती तेव्हाही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “वैजू, पुढच्या वेळी ती हात सर्रकन आणायची युक्ती शिकव.”

“आधी ढील शिका,” मी म्हटलं.

इरावती रस्त्याला लागली आणि तन्वीरनं मला विचारलं, “आता काढायचा का स्टिकवाला प्रकार?”

“छे, छे. असू दे,” मी म्हटलं. “पण त्याची जागा मी ठरवणार.”

गेम बाहेर पडला. चालला, चांगलाच चालला. परदेशातली पोरं बसमध्ये मांडीवर कंट्रोलर ठेवून पतंग उडवतानाचे व्हिडिओ लोक आम्हाला पाठवायचे. मी ते सगळे गावी नेऊन आईला दाखवायचे. त्या संक्रांतीला मी कन्सोलच घेऊन गेले. गच्चीवर पोरांचा दंगा चालला होता, आणि आई खाली पायरीवर बसून, कंट्रोलर मांडीवर घेऊन, नऊवारीच्या निऱ्यांवर ढील देत होती. पहिल्याच दिवशी तिनं धाकट्या मामाचे पतंग काटले. मामा वैतागून म्हणाला, “मला नाही जमत हे. आपलं अंगठ्याचं नाही का यात काही?”

“आहे की,” मी म्हटलं. “आई, त्या सेटिंगमध्ये जा. एकदम खाली. ‘विशेष सोय’ लिहिलंय बघ.”

आईनं चष्मा पुढं घेतला आणि बोट फिरवत, एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचलं:

“‘ज्यांना अंगठ्याशिवाय खेळता येत नाही, त्यांच्यासाठी.’”

तिनं ते पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलेलं मला ओठांवरून कळलं. मग माझ्या हाताकडं बघितलं, मामाच्या दोन्ही अंगठ्यांकडं बघितलं, आणि अख्ख्या आयुष्यात कुणाच्या तोंडी खपवून न घेतलेला तो शब्द जीभ चुकचुकून स्वतःच म्हणाली.

“बिचारे!”